खजुरीच्या झाडाखालची दबोरा



जुन्या करारातील 'शास्ते' ह्या पुस्तकाचे चौथा आणि पाचवा हे दोन अध्याय आज आपण समजून घेऊ. रविवारच्या मिस्सात हा भाग वाचला जात नाही. म्हणून घरी बायबल उघडून तो सर्वांनी मिळून एकदा सावकाश वाचावा.

इस्राएल लोक देवाला विसरले आणि कनानचा राजा याबीन ह्याच्या हाती सापडले. त्याचा सेनापती सीसरा ह्याच्याजवळ ९०० लोखंडी रथ होते. २० वर्षे लोकांचा छळ झाला. शेवटी त्यांनी देवाचा धावा केला. आता देव कोणाला उभे करील? आपल्या डोळ्यांपुढे एखादा शूर सरदार येतो. पण बायबल आपल्याला एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशात, रामा आणि बेथेल ह्यांच्या दरम्यान, एका खजुरीच्या झाडाखाली नेते. तेथे लप्पीदोथची पत्नी दबोरा बसलेली आहे. ती संदेष्टी होती आणि इस्राएलचा न्यायनिवाडाही तीच करीत होती.

देवाने दबोराला लढाईच्या दिवशी अचानक पुढे आणले नाही. लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येत आणि ती निवाडा करी. ह्या रोजच्या सेवेतच देवाने तिची तयारी करून घेतली, असे आपण म्हणू शकतो. म्हणूनच तिने बाराकला निरोप धाडला, तेव्हा तो आला.

नफताली आणि जबुलून ह्या वंशांतील १०,००० माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जा, ही देवाची आज्ञा तिने त्याला सांगितली. बाराक म्हणाला, तू बरोबर आलीस तरच मी जाईन. ती गेली, मात्र ह्या विजयाचा मान तुला मिळणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले. बाराकला भित्रा म्हणून आपण मोकळे होतो. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात श्रद्धावंतांमध्ये त्याचे नाव आहे. एका स्त्रीने सांगितलेला देवाचा शब्द मानून तो ९०० रथांसमोर डोंगर उतरला. कीशोन नदीने शत्रूला वाहून नेले. सीसराचा शेवट याएल ह्या तंबूत राहणाऱ्या स्त्रीच्या हातून झाला. त्यानंतर देशाला ४० वर्षे शांतता लाभली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असेच घडले आहे. १३४७ साली जन्मलेली सिएनाची संत कॅथरिन ही एका रंगाऱ्याची मुलगी. ती मठात राहिली नाही. घरी राहून तिने प्रार्थना केली, आजाऱ्यांची सेवा केली. पोप अकरावे ग्रेगरी आव्हिन्यॉ येथे असताना, १३७६ साली तिने त्यांना रोमला परतण्याची कळकळीची विनंती केली. पुढच्याच वर्षी ते रोमला आले. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले.

आता आपण आपल्याकडे वळू. वेदीवरची फुले, धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांच्या घरी जाणे, ही कामे आपण भगिनींवर निर्धास्तपणे सोपवतो. पण पुढारपणाचा विषय निघाला की आपली नजर पुरुषांकडे वळते. भगिनीही म्हणतात, "आम्हांला काय कळतंय त्यातलं?" ही नम्रता आहे की हाक ऐकूनही घरात बसून राहणे आहे, हे आपण तपासले पाहिजे. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. त्याच वर्षी त्यांनी धर्मशिक्षकाचे सेवापदही स्थापन केले. दार उघडले आहे. आत या, असे म्हणण्याचे काम आपले आहे.

चिंतनासाठी:
१. आपल्या वाडीत कोणाचा सल्ला सर्व जण घेतात, पण सभेत मात्र तिला कोणी विचारीत नाही?
२. मान दुसऱ्याला मिळणार, हे ठाऊक असूनही बाराकसारखे आपण कामाला लागू का?
३. आज करीत असलेल्या कोणत्या लहान सेवेतून देव आपली तयारी करून घेत असेल?

प्रार्थना: हे प्रभो, तू ज्यांना निवडतोस त्यांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे, आणि तू आम्हांलाच हाक मारलीस, तर उठण्याचे बळ दे. आमेन.