फुकटचा डेटाबेस किती रुपयांना पडतो?

खान्देशातल्या गावच्या वाचनालयाची सभासद-यादी उघडली की पाटील, चौधरी, महाजन यांनीच पाने भरलेली असतात. त्यात स्वतःचे नाव तेच आणि वडिलांचे नावही तेच, असे दोघे-तिघे हमखास निघतात. आमच्या वाचनालयात अशा तीन सभासदांची देवघेव एकाच खात्यावर चढली आणि कधीही न नेलेल्या पुस्तकाचा दंड एका निवृत्त शिक्षकांकडून घेतला गेला. चूक लक्षात आल्यावर कार्यकारिणीने नोंदी संगणकावर घ्यायचे ठरवले. पैसे नव्हते, म्हणून फुकट मिळणारा डेटाबेस घेतला. त्याचे नाव लिब्रेऑफिस बेस. तो चालवताना खर्च कुठे होतो आणि कुठे वाचतो, हे आम्हाला अनुभवाने कळले. जळगाव-धुळ्याकडच्या वाचनालयांना, कृषी केंद्रांना, पतपेढीच्या छोट्या शाखेला किंवा केळीच्या कटाईचा हिशेब ठेवणाऱ्याला ते उपयोगी पडावे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ठरवा, डेटाबेस लागतो का?

नोंदी खूप झाल्या म्हणून डेटाबेस घ्यावा, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10 लाख 48 हजार 576 ओळी मावतात, आणि तेवढ्या नोंदी गावातल्या कुठल्याच दुकानाच्या होणार नाहीत. डेटाबेस लागतो तो वह्या एकमेकींत गुंतलेल्या असतात तेव्हा. वाचनालयात दाखल नोंदवही, सभासद नोंदवही आणि देवघेव या तीन वह्या आहेत, आणि देवघेवीची प्रत्येक ओळ बाकीच्या दोन वह्यांकडे बोट दाखवते. कृषी केंद्रात शेतकरी, माल आणि उधारी असते. केळीत शेतकरी, गट नंबर आणि कटाई. सभासदाचा फोन बदलला तर तो एकाच जागी बदलावा आणि सगळीकडे बदललेला दिसावा, ही गरज असेल तरच डेटाबेसच्या वाटेला जा. दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्याला नुसती गिऱ्हाइकांची फोनयादी हवी असेल, तर लिब्रेऑफिसमधलेच एक्सेलसारखे कॅल्क पुरते. त्यावर आणखी एक रुपयाही घालू नका.

हिशेबाची पुस्तके आणि जीएसटीची बिले बेसमध्ये ठेवू नका. तुमचे सीए जे सॉफ्टवेअर वापरायला सांगतात तेच त्यासाठी ठेवा. दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तरीही बेसची साधी फाइल चालत नाही, ती एका टेबलावर, एका माणसाने वापरायची गोष्ट आहे.

बसवण्याचा खर्च

परवान्याचा खर्च शून्य. लिब्रेऑफिस 2010 साली ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. घरी, दुकानात, संस्थेत, कितीही संगणकांवर ते बसवता येते, नूतनीकरण नाही, चावी नाही. डाउनलोड साडेतीनशे एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलच्या एका दिवसाच्या डेटात बसते. संगणक दुरुस्त करणारे अजून सवयीने जुने ओपनऑफिस टाकून देतात. त्यांना स्पष्ट सांगा, लिब्रेऑफिसच हवे. ओपनऑफिसमध्ये सुधारणा फार क्वचित होतात.

जुना संगणक असेल तर एक अडचण येते. लिब्रेऑफिसची 25.8 आणि त्यापुढची आवृत्ती विंडोज 7 आणि 8 वर चालत नाही. अशा संगणकावर त्याआधीची आवृत्ती घ्या. केवळ एवढ्यासाठी नवा संगणक घेऊ नका.

दुसरी अडचण जावाची. बेसचा आतला साठा चालायला जावा लागते, आणि ती नसेल तर फाइल उघडताना इंग्रजी सूचना येऊन काम तिथेच थांबते. पुष्कळ लोक इथेच सोडून देतात. लिब्रेऑफिस 64 बिटचे असेल तर जावाही 64 बिटचीच हवी, बाकी काही गूढ नाही. टेमुरिन नावाची जावा फुकट मिळते आणि ती पुरते. हे दोन्ही बसवायला माहीतगार माणसाला अर्धा तास लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संगणक नेलाच असेल तर त्याच फेरीत हे करून घ्या आणि बेसची फाइल उघडते आहे, हे तिथेच डोळ्यांनी पाहून घ्या.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसचे काय? फॉर्म बनवायला ॲक्सेस बेसपेक्षा सोपे आहे, हे मान्य करायला हवे. लिब्रेऑफिसच्या सगळ्या भागांत बेसकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे आणि ते जाणवते. पण ॲक्सेस फक्त विंडोजवर चालते, मायक्रोसॉफ्टच्या काही ठरावीक योजनांबरोबर मिळते आणि त्यांना दर वर्षी काही हजार रुपये भरावे लागतात. वर्षाला चाळीस-पन्नास हजारांवर चालणाऱ्या वाचनालयाला ते परवडत नाही. चोरीची प्रत टाकून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. संस्थेच्या नोंदी रीतसर मिळवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच राहिल्या पाहिजेत.

खरा खर्च तासांचा

रुपयांचा हिशेब आता तासांकडे वळतो. समजा 4,000 पुस्तके आहेत. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत आणि वर्ष टाकायला एका पुस्तकाला दोन मिनिटे धरा. 8,000 मिनिटे म्हणजे 133 तास झाले. रोज चार तास बसले तर 34 दिवस. पैसे देऊन टाइप करून घेतले आणि नोंदीमागे दोन रुपये ठरले, तर 8,000 रुपये. हा आकडा ऐकून कार्यकारिणी गप्प होते, कारण सगळ्यांनी सॉफ्टवेअरच्या किमतीचाच विचार केलेला असतो. पुस्तकांची यादी आधीच एक्सेलमध्ये असेल तर यातले बहुतेक तास वाचतात. ती शीट निवडून कॉपी करायची आणि बेसमध्ये टेबलांच्या जागी पेस्ट करायची. एक खिडकी उघडते आणि टेबल तयार होते.

त्या खिडकीत प्रायमरी की तयार करण्याचा पर्याय असतो. तो निवडायला विसरू नका. प्रायमरी की म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतःचा क्रमांक, जो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तो नसेल तर बेस टेबल दाखवते, पण त्यात नवी नोंद करू देत नाही, आणि का करू देत नाही ते नीट सांगतही नाही. आम्ही दोन संध्याकाळी यात घालवल्या. वहीत जे काम दाखल क्रमांक करतो, तेच काम प्रायमरी की करते. एकाच नावाचे तिन्ही सभासद वेगळे राहतात ते या क्रमांकामुळे. म्हणून नावावर विसंबू नका, सभासद कार्डावर क्रमांक ठळक छापा.

टेबलांनंतर फॉर्म. विझार्ड विचारत जाते, आपण उत्तरे देत जायचे, साधा फॉर्म दहा मिनिटांत होतो. देवघेवीचा फॉर्म मात्र अवघड आहे. त्यात सभासदाचे नाव यादीतून निवडायचे आणि आत साठवायचा त्याचा क्रमांक, हे जमवताना संगणकाची सवय नसलेला माणूस नक्की अडतो. इथे मदत फुकट आहे आणि मराठीत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने बेसवर छोट्या ध्वनिचित्रफितींची मालिका केली आहे आणि तिच्यातले उदाहरण वाचनालयाचेच आहे: पुस्तके, सभासद आणि कुणी काय नेले. ओळीने पाहत, थांबवत, समोर स्वतःची फाइल उघडी ठेवून केले तर दोन रविवारांत फॉर्म उभा राहतो. आमच्या ग्रंथपाल ताई बारावी झालेल्या आहेत. त्यांना ते जमले, आणि आता दुरुस्त्याही त्याच करतात.

बेसमध्ये नवा डेटाबेस तयार करतानाच त्याची नोंदणी करायची का, असे विचारले जाते. लोक घाबरून नाही म्हणतात. हो म्हणा. ही नोंदणी तुमच्याच संगणकापुरती असते, माहिती कुठेही जात नाही. त्यामुळे पुढे लिब्रेऑफिसच्याच रायटरमध्ये सभासदांची नावे थेट घेऊन पाकिटांवरचे पत्ते आणि थकबाकीची पत्रे छापता येतात. आमच्याकडे सगळ्यांत जास्त समाधान याच कामाने दिले. वार्षिक सभेची पत्रे हाताने लिहायला तीन दिवस जात, ती आता एका दुपारी निघतात.

मराठी नोंदी

श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली जुनी यादी तशीच आणू नका. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाही तर शोध चालत नाही. नवे टाइपिंग सगळ्यांनी एकाच कीबोर्डवर करावे, आणि हा आग्रह मी अनुभवातून धरतो आहे. बऱ्हाटे हे आडनाव भुसावळ-यावलकडे घरोघरी आहे, आणि त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाला ते वेगळे वाटतात, म्हणून एक बऱ्हाटे शोधले तर दुसरे सापडत नाहीत. ॲ या अक्षराचेही तसेच आहे.

क्रमवारीही तपासा. आपल्या वर्णमालेत ळ शेवटी, ह नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि बेस सहसा त्याच क्रमाने लावते. क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जाऊन बसतो. छापील यादी वर्णानुक्रमे लावलेल्या नोंदवहीशी ताडून पाहणाऱ्याला पुस्तक हरवल्यासारखे वाटते. हे आधीच सांगून ठेवा.

वीज गेली तर

आमचे सगळ्यांत मोठे नुकसान मे महिन्यातल्या एका दुपारी झाले. पारा पंचेचाळिसावर, वीज गेली आणि सकाळपासूनच्या चाळीसेक नोंदी गेल्या. फॉर्ममध्ये नोंद जतन केली, की काम झाले असे वाटते. पण बेसच्या साध्या फाइलमध्ये नोंद तेव्हा फक्त संगणकाच्या स्मरणात असते. मुख्य खिडकीत जाऊन फाइल सेव्ह करावी किंवा बंद करावी, तेव्हा ती डिस्कवर उतरते. दर दहा नोंदींनी सेव्ह करा, आणि यूपीएस घ्या. 600 व्हीएचा यूपीएस साधारण अडीच ते चार हजारांत येतो. या सगळ्या व्यवहारात रोख पैसे मोजायलाच हवेत अशी ही पहिली वस्तू आहे.

दोन पेन ड्राइव्ह घ्या, पाचशे-सातशेला एक. एका आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरा. प्रत उतरवताना फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक पेन ड्राइव्ह नेहमी चिटणीसांच्या घरी असू द्या. महिन्यातून एकदा टेबल कॉपी करून कॅल्कमध्ये पेस्ट करा आणि ती शीटही जपा. उद्या बेस सोडायचे ठरवले तर तीच शीट घेऊन कुठेही जाता येते. सभासदांचे फोन आणि पत्ते आपल्याकडे ठेव म्हणून आहेत, ही फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

दुसऱ्याकडून करून घ्यायचे असेल तर

काम चांगले करणारी मुले जळगावात आणि धुळ्यातही आहेत. त्यांचा भाव कामाप्रमाणे बदलतो, तेव्हा बोली एकरकमी करा आणि निम्मे पैसे महिनाभर वापरून झाल्यावर द्या. अडचण भावाची नसते. मुलगा वर्षभरात पुण्याला किंवा सुरतेला नोकरीला जातो आणि मागे राहतो कुणालाच माहीत नसलेला पासवर्ड. बोलीतच लिहून घ्या, की फाइल उघडी मिळेल, पासवर्ड संस्थेच्या वहीत लिहिला जाईल, कोणत्या रकान्यात काय आहे ते मराठीत एका पानावर दिले जाईल आणि ग्रंथपालांना स्वतः एक रकाना वाढवून दाखवायला लावले जाईल. शेवटची अट ज्याला नको असेल त्याला काम देऊ नका.

मोठे वाचनालय असेल, दहा-वीस हजार पुस्तके आणि दोन-तीन काउंटर, तर बेसवर वेळ घालवू नका. कोहा ही वाचनालयांसाठीची प्रणाली पाहा. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या वाचनालयांची जुनी प्रणाली सन 2000 उजाडल्यावर बंद पडणार होती, तेव्हा त्यांनी कोहा तयार करून घेतली आणि सर्वांना फुकट दिली. तिला लिनक्सचा वेगळा संगणक आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. ओळखीच्या कॉलेजात ग्रंथपाल असतील तर त्यांना आधी विचारा.

आमचा रोख खर्च 4,700 रुपये झाला: यूपीएसचे 3,500 आणि दोन पेन ड्राइव्हचे 1,200. टायपिंग तिघांनी वाटून घेतले, ते दीड महिना चालले. तुम्ही सगळी वही एकदम उतरवू नका. पन्नास पुस्तके आणि वीस सभासद टाका, दोन आठवडे वही आणि बेस दोन्ही चालवा. तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपाल कुणी न सांगता आधी संगणक उघडत असतील तर पुढे जा. वहीच उघडत असतील तर कॅल्कवर थांबा.