पाच व्होल्टची परीक्षा

विद्यार्थी सर्किट बोर्ड तयार करतात, दिवा लागतो आणि बोर्ड उत्तीर्ण झाला असे सर्वजण समजतात. आमच्या मते ही अर्धीच परीक्षा होय. घरगुती वीज २३० व्होल्टची म्हणून पुरवली जाते. परंतु शेतीपंप एकदम सुरू झाले की वाहिनीच्या टोकाच्या घरात हा दाब पुष्कळ खाली येतो. केवळ २३० वर तपासलेला बोर्ड त्या घरासाठी तपासलेलाच नसतो.

नेहमीची रचना घेऊ. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट देणारा ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट मिळाले तरच बाहेर स्थिर ५ मिळतात. प्रथम बोर्ड बाजूला ठेवून त्याच्या जागी १० ओहमचा, ५ वॉटचा रोधक जोडावा; म्हणजे अर्धा अँपिअर प्रवाह वाहील. भाराविना केलेले मोजमाप व्यर्थ आहे. तेव्हा दुबळा पुरवठाही ५ व्होल्टच दाखवतो.

आता डिमरस्टॅटने मुख्य दाब दहा-दहा व्होल्टने उतरवत न्यावा. (हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.) १७० व्होल्टच्या सुमारास गंमत होते. कपॅसिटरवर मल्टिमीटर सुमारे ७ व्होल्ट दाखवतो आणि विद्यार्थी समाधानाने मान डोलावतात. वास्तविक तो दाब सेकंदाला १०० वेळा ८ वर चढून ६ च्या आसपास घसरत असतो. मीटर सरासरी सांगतो. बोर्डावरील मायक्रोकंट्रोलर मात्र त्या खळग्यात अडखळतो आणि पुन्हा पुन्हा आरंभापासून सुरू होतो. इतिहास शिकवणाऱ्या आम्हांस सरासरीविषयी तसाही संशय असतो! ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हे खळगे स्पष्ट दिसतात. तो नसल्यास मोठा कपॅसिटर लावून पाहावे; बोर्ड सावरला, तर दोष खळग्यांचाच.

वरच्या टोकाला दोष निराळा. २६० व्होल्टवर रेग्युलेटरपाशी सुमारे १२ व्होल्ट येतात. त्यांतील ७ त्याला स्वतःच पचवावे लागतात. अर्ध्या अँपिअरला साडेतीन वॉट उष्णता होते. हीट सिंक नसेल तर ७८०५ तापून स्वतःला बंद करतो, निवला की पुन्हा सुरू होतो. म्हणून या टोकाची तपासणी पाच मिनिटांत न आटोपता अर्धा तास चालू ठेवावी आणि नोंदवहीत दाबाबरोबर वेळही लिहावी.