दोन तारा, अनेक सोबती

लहानशा संगणकपट्टीवर वेळ सांगणारी घड्याळाची चिप, उष्णतामापक व अक्षरें दाखविणारा पडदा हीं तिन्ही अवघ्या दोन तारांवर कशीं नांदतात, हें आज पाहूं. आय-टू-सी नांवाची ही पद्धति फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढिली.

एका तारेवरून ठोके जातात, दुसरीवरून शून्य व एक यांच्या खुणा. दोन्ही तारा रोधकांच्या योगें उच्च विद्युद्दाबावर धरलेल्या असतात. बोलणारा त्यांस केवळ खालीं ओढितो. म्हणून दोघांनीं एकदम ओढिल्या, तरी कोणाचें जळत नाहीं.

शिस्त मात्र वर्गांतल्यासारखी. गुरुजी ज्याचा क्रमांक पुकारतात, त्यानेंच "हजर" म्हणावें. इतरांनीं स्तब्ध राहावें. डी-एस ३२३१ या घड्याळचिपेचा क्रमांक १०४ आहे. परंतु एम-पी-यू ६०५० या गतिमापक चिपेचाही मूळ क्रमांक तोच! दोघीही एकदम उत्तर देऊं लागल्या, म्हणजे एकीचा 'एक' दुसरीच्या 'शून्या'खालीं दडपला जातो, आणि घड्याळ बरोबर चालत असूनही आपण वेळ चुकीची वाचतों.

घड्याळाचा क्रमांक बदलतां येत नाहीं. गतिमापकाचा ए-डी-शून्य नांवाचा पाय मात्र उच्च दाबास जोडिला, कीं त्याचा क्रमांक १०५ होतो व तंटा मिटतो.

तेव्हां नवें उपकरण जोडण्यापूर्वीं सर्वांचे क्रमांक कागदावर मांडून पाहावे. मार्ग सामाइक असला, म्हणजे ज्यानें त्यानें आपल्याच नांवास ओ द्यावी, हें बरें.