मऊ प्लास्टिकमधील थॅलेट रसायने : गुणधर्म, धोके आणि घ्यावयाची काळजी

पाण्याची हिरवी लवचिक नळी, तेलाच्या पिंपाला लावायची पारदर्शक नळी, धार काढण्याच्या यंत्राच्या नळ्या, रेक्झिनचे आच्छादन अशा अनेक मऊ प्लास्टिकच्या वस्तू आपल्या घरात व गोठ्यात असतात. यांपैकी बऱ्याच वस्तू पीव्हीसी या प्लास्टिकपासून बनविलेल्या असतात. पीव्हीसी मुळात कडक व ठिसूळ असते. त्याला मऊपणा आणण्यासाठी जी तेलकट रसायने मिसळतात, त्यांत थॅलेट गटातील रसायनांचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. ही रसायने दूध, तूप व तेलात कशी उतरतात आणि ते कसे टाळावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

थॅलेट म्हणजे काय?

थॅलिक आम्ल आणि निरनिराळी अल्कोहोले यांच्या संयोगातून थॅलेट तयार होतात. या गटातील सर्वात परिचित रसायन म्हणजे डाय-२-इथिलहेक्सिल थॅलेट. त्यास संक्षेपाने डीईएचपी म्हणतात, तर आपल्याकडील बाजारात ते डीओपी या नावाने विकले जाते. डायब्यूटिल थॅलेट हे दुसरे महत्त्वाचे रसायन होय. डायमिथिल थॅलेट हे तिसरे रसायन डास पळविण्याच्या मलमात वापरले गेले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाण्याच्या कडक बाटल्या ज्या पेट प्लास्टिकच्या असतात, त्याच्या रासायनिक नावात 'टेरेथॅलेट' हा शब्द येतो. परंतु ते वेगळे रसायन असून मऊपणा आणणाऱ्या थॅलेटमध्ये त्याची गणना होत नाही.

महत्त्वाचे गुणधर्म

डीईएचपी हा रंगहीन, तेलासारखा घट्टसर द्रव आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ३८ व ऑक्सिजनचे ४ अणू असतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र तेलात व स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतो. मऊ पीव्हीसीमध्ये त्याचे प्रमाण वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे १ किलो वजनाच्या नळीत ३०० ते ४०० ग्रॅम थॅलेट असू शकते.

हे रसायन प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, ते केवळ त्यात मुरलेले असते. त्यामुळे स्निग्ध पदार्थाचा स्पर्श झाला, उष्णता मिळाली किंवा संपर्काचा काळ वाढला, की ते हळूहळू बाहेर पडते. जुनी नळी कालांतराने ताठर होते, त्याचे एक कारण हेच आहे.

मानवी आरोग्यास धोका

कीटकनाशकाच्या विषबाधेप्रमाणे थॅलेटमुळे लगेच उलटी, चक्कर असा त्रास होत नाही. त्याची तात्काळ विषारीता फारच कमी आहे. त्यामुळेच याकडे दुर्लक्ष होते. खरा धोका थोड्या प्रमाणात पण वारंवार पोटात जाण्यापासून आहे.

गाभण उंदरांच्या माद्यांना डीईएचपी दिल्यावर नर पिलांमध्ये पुरुषी संप्रेरक कमी तयार झाले आणि वृषण व जननेंद्रियांच्या वाढीत दोष आढळले. उंदरांमध्ये यकृताच्या गाठीही आढळल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये डीईएचपीचा समावेश मानवास कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या '२ ब' गटात केला. युरोपीय संघाने २००५ च्या कायद्यान्वये लहान मुलांच्या खेळण्यांत डीईएचपी, डायब्यूटिल थॅलेट व बेंझिलब्यूटिल थॅलेट यांचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा अधिक असण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी डीईएचपीची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम सुचविली आहे.

२०११ मध्ये तैवानमध्ये पेयांना गढूळपणा आणण्यासाठी पाम तेलाऐवजी स्वस्त डीईएचपी वापरल्याचे उघड झाले आणि असंख्य उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली.

समाधानाची बाब अशी, की शरीरात गेलेल्या डीईएचपीचा मोठा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे संपर्क थांबविला, की शरीरातील प्रमाणही लवकर घटते. मात्र गर्भवती स्त्रिया व लहान मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी.

दूध व्यवसायाशी संबंध

दुधात स्निग्धांश असल्याने मऊ पीव्हीसीच्या नळीतून वाहणाऱ्या कोमट दुधात थॅलेट उतरते. १९९० च्या दशकात युरोपात झालेल्या तपासण्यांत यंत्राच्या नळ्या हे दुधातील थॅलेटचे एक कारण असल्याचे दिसले. दुधापेक्षा सायीत हे प्रमाण अधिक आढळले, कारण ते स्निग्धांशाबरोबर जाते. आपल्याकडे घरचे लोणी व तूप मुलांना आवर्जून दिले जाते, हे लक्षात घेता ही बाब महत्त्वाची ठरते.

रोपांवर होणारा परिणाम

डायब्यूटिल थॅलेटची वाफ बंदिस्त जागेत रोपांना घातक ठरते. काचगृहात वापरलेल्या काही मऊ प्लास्टिकमधून निघणाऱ्या या वाफेमुळे कोबीची रोपे पांढरी पडून मरतात, असे ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. कोबीवर्गीय रोपे याला विशेष संवेदनशील असतात. बंदिस्त रोपवाटिकेत नवीन पाने पिवळी-पांढरी पडू लागली, तर अन्नद्रव्यांची कमतरता व रोग यांबरोबरच नव्याने बसविलेल्या मऊ प्लास्टिककडेही लक्ष द्यावे.

ठिबकच्या उपनळ्या, मल्चिंगचा कागद व शेततळ्याचे अस्तर सामान्यतः पॉलिथिनचे असते. त्याला मऊपणासाठी थॅलेटची गरज नसते. जमिनीत गाडलेल्या कडक पीव्हीसी पाइपांनाही ही गरज नसते. त्यामुळे ठिबक सिंचन करणाऱ्यांनी विनाकारण घाबरू नये.

मऊ पीव्हीसी कसे ओळखावे?

नळीचा लहान तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी तळाशी जाते. रबर व सिलिकॉनही बुडते, म्हणून वस्तूवरील खूणही पाहावी. त्रिकोणातील ३ हा आकडा पीव्हीसीचा, तर २ व ४ हे पॉलिथिनचे आणि ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हल्ली काही पीव्हीसीत थॅलेटऐवजी दुसरी रसायने वापरतात, परंतु नुसते पाहून ते कळत नाही. ओळखण्यासाठी प्लास्टिक जाळू नये.

घ्यावयाची काळजी

१) दूध, तूप, तेल व लोणचे स्टेनलेस स्टील, काच किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे.

२) पिंपातून तेल काढण्यास बागेची किंवा साधी पारदर्शक नळी वापरू नये. स्टीलचे माप किंवा तोटी वापरावी.

३) धार काढण्याच्या यंत्रासाठी खाद्यपदार्थांकरिता प्रमाणित, थॅलेटविरहित नळ्याच मागाव्यात. सिलिकॉनच्या नळ्या चांगला पर्याय आहेत.

४) गरम पदार्थ मऊ प्लास्टिकमध्ये भरू नयेत.

५) उन्हात तापलेल्या नळीतील साचलेले पाणी पिऊ नये. प्रथम ते वाहू द्यावे.

६) तान्ह्या मुलांच्या तोंडात मऊ प्लास्टिकच्या स्वस्त वस्तू जाऊ देऊ नयेत.

७) फाटक्या नळ्या व रेक्झिन बांधावर किंवा चुलीत जाळू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि डायॉक्झिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. असे टाकाऊ प्लास्टिक भंगारवाल्याकडे द्यावे.

थोडक्यात, मऊ पीव्हीसी पाण्यासाठी उपयुक्त आहे, परंतु दूध, तूप व तेलासाठी योग्य नाही. एवढा एक नियम घरात व गोठ्यात पाळला, तरी थॅलेट पोटात जाण्याचा एक मोठा मार्ग बंद होईल आणि आपल्या दुधा-तुपाची शुद्धताही टिकून राहील.