शोभेची तलवार आणि मुठीतली सळई

चि. मंदार यास धाकट्या मामाचे अनेक आशीर्वाद.

शोभेची जपानी तलवार ही भिंतीवर टांगण्याची वस्तू आहे. ऑनलाइन बाजारात ती दोन-चार हजारांत मिळते. चकचकीत पाते, काळे म्यान, मुठीवर आडवीतिडवी गुंडाळलेली दोरी आणि सोबत लाकडी स्टँड असा तिचा थाट असतो. ‘डिमन स्लेयर’ या जपानी ॲनिमेमधल्या पात्रांच्या रंगीत पात्यांच्या नकलाही खपतात. विकणारा तिला ‘डेकोरेटिव्ह’ म्हणतो आणि तिथेच आपली जबाबदारी संपवतो. घेणारा मात्र पंधरा दिवसांत ती खाली उतरवतो. ताईच्या घरची तलवार गच्चीवर जाते, पाण्याने भरलेल्या बाटल्यांवर चालते आणि चिऊ समोर उभी राहून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढते, असे परवा फोनवर कळले. ताई हसत हसत सांगत होती. मामाला काही हसू आले नाही.

ही तलवार ज्याची नक्कल आहे तो काताना आधी पाहावा. त्याचे पाते साधारण ७० सेंटिमीटर लांब असते. पारंपरिक पोलाद लोखंडाच्या वाळूपासून तातारा नावाच्या भट्टीत काढतात. शिमाने प्रांतातल्या योकोता येथे अशी भट्टी १९७७ पासून दर हिवाळ्यात पेटते आणि एक घाणा निघायला तीन दिवस नि तीन रात्री लागतात. पात्याला पाणी देण्याआधी लोहार त्यावर मातीचा लेप चढवतो, कण्याकडे जाड आणि धारेकडे पातळ. धार चटकन निवते आणि कडक होते, कणा सावकाश निवतो आणि चिवट राहतो. कडक होताना धारेकडचे पोलाद किंचित फुगते, त्यामुळे पाते पाण्यातच वाकते. कातानाचा तो डौलदार बाक बराचसा तिथेच येतो. कडक आणि चिवट पोलादाच्या सीमेवर जी नागमोडी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. स्वस्त तलवारीवरही ती रेघ दिसते, पण ती ॲसिडने किंवा पॉलिश पेपरने काढलेली असते. नक्षी म्हणून तिला हरकत नाही. मात्र तिच्या मागे कडक धारही नाही आणि चिवट कणाही नाही.

रेघ खोटी असल्याने कोणाचा जीव जात नाही. धोका मुठीच्या आत आहे. खऱ्या तलवारीचे पाते मुठीपाशी संपत नाही. त्याच पोलादाची रुंद, चपटी शेपटी मुठीत खोलवर जाते. तिला नाकागो म्हणतात. होनोकी या मॅग्नोलियाच्या जातीच्या लाकडाची मूठ तिच्या मापाने कोरतात, वर पाकटाची खरखरीत कातडी चढवतात, त्यावर दोरी आवळतात आणि मूठ व शेपटी यांतून आरपार बांबूची एक खुंटी ठोकतात. ही खुंटी म्हणजे मेकुगी. इआइदो, म्हणजे तलवार उपसण्याची जपानी विद्या, शिकवणारे गुरू सरावाआधी ती तपासल्याशिवाय तलवार उपसू देत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या तलवारीतही पात्याची शेपटी लोखंडी मुठीत राळेने पक्की बसवलेली असते. ज्यांनी तलवारी खरोखर चालवल्या त्या सगळ्यांनी आधी हा सांधा पक्का केला.

शोभेच्या तलवारीत हा सांधा बहुधा नुसता नावाला असतो. पाते मुठीच्या तोंडाशीच संपते, त्याच्या बुडाला एक बारीक सळई वेल्ड केलेली असते, सळईच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि मुठीच्या मागच्या टोपणाखाली नट आवळलेला असतो. मूठ प्लॅस्टिकची किंवा हलक्या लाकडाची, गोंदाने चिकटवलेली. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचे पोलाद बिघडते. रुंद पाते एकदम बारीक होते तिथे काटकोनी कोपरा राहतो आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. हे बाहेरून कधीच दिसत नाही. दोरी आणि टोपण काढल्याशिवाय आत सळई आहे की शेपटी हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आयटीआयमध्ये पोरांना शिकवण्यात हयात गेल्यामुळे मामाला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड शेपटी घ्यावी, आणि तिच्यासमोर ६ मिलिमीटर जाडीची सळई. फटक्याच्या दिशेने वाकण्याला शेपटीचा विरोध सळईच्या जवळजवळ तीसपट भरतो. नट ढिला झाला आणि सगळा भार एकट्या सळईवर आला, की सांध्यापासून अर्ध्या मीटरवर दीड-दोन किलोचा जोरही तिला वाकवायला पुरतो. भरलेल्या बाटलीवर बसणारा फटका याच्या कितीतरी पुढे जातो. आणि नट ढिला होतोच. प्रत्येक फटक्याची थरथर आट्यांवर जाते, गोंद सुटतो, मूठ किंचित वाजू लागते. तो आवाज ऐकून बहुतेक जण मूठ आणखी घट्ट धरतात.

काहीही न कापता नुसती हवेत फिरवली तरी सांधा ओढला जातो. पाते सातशे ग्रॅमचे, त्याचा मध्य सेकंदाला १० मीटर वेगाने ८० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे धरले, तर ते मुठीतून निसटायला सुमारे ९ किलोच्या ओढीने धडपडत असते. वेल्ड धड असेल तर तो इतके सहज पेलतो. तडा गेलेला असेल तर नाही. वरून खाली येताना सुटलेले पाते समोर जाते. समोर म्हणजे व्हिडिओ काढणारा उभा असतो तिकडे. तीन मीटरचे अंतर त्या वेगाने ०.३ सेकंदांत संपते, आणि मोबाइलच्या पडद्यात बघणाऱ्या मुलीला बाजूला व्हायला तेवढा वेळ पुरत नाही.

पात्याची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. शोभेच्या तलवारी बहुतेक स्टेनलेसच्या असतात, कारण त्या गंजत नाहीत आणि तेलपाण्याशिवाय वर्षानुवर्षे चमकतात. ४२० जातीच्या स्टेनलेसमध्ये १२ ते १४ टक्के क्रोमियम असते, ४४० मध्ये १६ ते १८ टक्के. स्वयंपाकघरातल्या सुरीला हे पोलाद उत्तम, कारण सुरी आखूड असते आणि तिला कोणी हवेत झोडत नाही. ७० सेंटिमीटरच्या पात्याला फटक्यागणिक वाकून पुन्हा सरळ व्हावे लागते. ते कडक ठेवले तर काचेच्या वाटेने जाते आणि मऊ ठेवले तर वाकते ते वाकलेलेच राहते. म्हणून कापण्यासाठीच्या तलवारींना साधे कार्बन पोलाद वापरतात, १०४५ किंवा १०६० सारखे, ज्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. अमेरिकेतल्या एका खरेदी वाहिनीवर अशीच शोभेची तलवार दाखवताना विक्रेत्याने ती टेबलावर आपटली. पाते तुटले आणि टोकाचा तुकडा त्याच्याच अंगात घुसला. ते चित्रण आजही लोक विनोद म्हणून एकमेकांना पाठवतात. त्याने तलवार कोणावर उगारली नव्हती, ती किती मजबूत आहे एवढेच तो दाखवत होता.

धार नाही म्हणजे भीती नाही, हा समज म्हणूनच टिकत नाही. तुटलेल्या पात्याची कड नव्या ब्लेडइतकी तीक्ष्ण असू शकते, आणि बोथट तलवारीचे टोकही बोथट असेलच असे नाही. त्यातून चिरंजीव तिला धार लावून आणण्याच्या बेतात आहेत, असे ताईच्या बोलण्यात आले. हा शुद्ध मूर्खपणा आहे. धारवाल्याच्या ग्राइंडरवर पातळ कड तापते, तिच्यावर निळी झाक येते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. हाती येते ती चार फटक्यांत मुडपणारी कड, मुठीत सळई मात्र तीच. म्यानही विसरू नये. चांगले म्यान दोन फळ्या कोरून जोडलेले असते, आणि तलवार उपसताना डाव्या हाताची बोटे नेमकी त्या जोडावर येतात. स्वस्त म्यानाचा जोड उकलला, की धार लावलेले पाते लाकडातून थेट बोटांवर येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. जपानमध्ये १९५८ च्या कायद्याने अस्सल तलवार कलावस्तू म्हणून नोंदवावीच लागते, आणि नकली तलवारही सबळ कारणाशिवाय घेऊन फिरता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ५० सेंटिमीटरहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींची विक्री एप्रिल २००८ पासून बंद झाली. स्वस्त सामुराई तलवारींनी झालेले हल्ले हे त्याचे कारण होते. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारींना पुढे सूट मिळाली. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे, आणि त्याखालच्या नियमांत तलवारींबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात. तलवारीने केक कापून स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना उचलल्याच्या बातम्या चिरंजिवांनीही वाचल्या असतील. तलवार शोभेची आहे हा युक्तिवाद ठाण्यात चालत नाही, कोर्टात चालला तर चालतो, आणि तोवर कॉलेजची वर्षे तारखांत जातात. गच्चीवरचा व्हिडिओ हा आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा असतो. अर्थात मामाला पोलिसांपेक्षा त्या व्हिडिओच्या मोबाइलमागची पोर जास्त दिसते.

याला एक जुने कारण आहे, ताईला ठाऊक असलेले. मामा शिकाऊ होता तेव्हा शॉपमध्ये एक छिन्नी होती. घणाचे घाव खाऊन तिचे डोके फुलले होते आणि कडा बाहेर वळल्या होत्या. अशा डोक्याचा कपचा कधीही उडतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शॉपमधल्या सगळ्यांनी ती छिन्नी पाहिली होती. ग्राइंडरवर पाच मिनिटांचे काम होते. पण सांगितले तर पोरे भित्रा म्हणतील, म्हणून कोणी बोलले नाही, आणि मामाही बोलला नाही. एका दुपारी कपचा उडाला. तो घाव घालणाऱ्याला लागला नाही, शेजारी बघत उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला. त्या डोळ्याने त्याला पुन्हा दिसले नाही. त्याच्या लग्नाला मामा गेला होता. त्याने कधी शब्दाने दोष दिला नाही, आणि ते जास्त जड गेले.

म्हणून भित्रा म्हणवून घ्यायची आता मामाला लाज वाटत नाही. चिरंजिवांनाही वाटू नये. वर मूर्खपणा हा शब्द लिहिला गेला. तो धार लावण्याच्या बेतासाठी होता, मुलासाठी नव्हता. अप्पांच्या आरामखुर्चीचा सुटलेला पाय बसवताना ज्याने जुना गोंद खरवडून काढला, सांधा सुकू दिला आणि मगच अप्पांना बसू दिले, त्याला सांधा म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ती खुर्ची अजून कुरकुरत नाही. तलवारीचे वेडही काही वाईट नाही. त्या बाकाची भुरळ मामालाही पडते, आणि ऐन विशीत असे काही हाती लागते तर त्यानेही ते भिंतीवर राहू दिले नसते. हात शिवशिवत असतील तर बोक्केन ही सरावाची लाकडी तलवार घ्यावी आणि शिकवणारा गुरू शोधावा. किंवा सुट्टीत कोल्हापूरला यावे. इथल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात आधी लाठी हातात येते आणि तलवार बरीच उशिरा, पण शिकवणारी माणसे जिवाभावाची आहेत. चिऊलाही आणावे. लाठीत ती चिरंजिवांना भारी पडेल असा मामाचा अंदाज आहे.

तलवार भिंतीवर राहायला हरकत नाही. ती पलंगाच्या किंवा दाराच्या वर नसावी. स्टँड भिंतीत पक्क्या स्क्रूंनी बसवावा, पाते म्यानात असावे आणि मूठ म्यानाला दोरीने बांधलेली असावी, म्हणजे पाहुण्यांची पोरे ती उपसणार नाहीत. मूठ वाजत असेल तर ती आवळत बसू नये, गोंद घालू नये, आणि मामाला दाखवायला म्हणून एसटीतून कोल्हापूरला तर मुळीच आणू नये. संक्रांतीनंतर मामाच पाने आणि कानस घेऊन पुण्याला येईल. टोपण दोघे मिळून उघडू आणि आत काय आहे ते चिऊलाही दाखवू. आत सळई निघाली तर पाते कायमचे म्यानात बसवून टाकता येईल. खरी शेपटी निघाली तर मामा हा सगळा कागद परत घेईल आणि वर जेवायला नेईल.

तोवर ती भिंतीवरून उतरवू नये. उतरवलीच, तर चिऊला खाली पाठवावे आणि मामाला फोन करावा. रात्री कितीही वाजता केला तरी चालेल. मामा ओरडणार नाही.

बहुत काय लिहिणे. हे आशीर्वाद.

मामा