रीत सर्वांची, किल्ली आपली

ज्ञान दिल्याने कमी होत नाही, हे सूत्र प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. तथापि संगणक व मोबाइल यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की हेच सूत्र बाजूस ठेविले जाते. ‘अशा गोष्टी मुलांना सांगू नयेत, उगाच नको ते शिकतील’, असा सूर पालकसभेत ऐकू येतो. दुसरीकडे तेच पालक बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्या अनोळखी माणसास मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, वाचून दाखवितात. याचा अर्थ असा की, जे सांगावयाचे ते लपविले जाते आणि जे लपवावयाचे ते सांगितले जाते. हा उलटा क्रम सुलटा करणे हे प्राथमिक शाळेचे काम आहे. त्यासाठी शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. खडू व फळा पुरेसा आहे.

पूर्वज्ञान : ‘च’ची भाषा

इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना ‘च’ची भाषा शिकवावी लागत नाही. शब्दाचे पहिले अक्षर काढून तेथे ‘च’ घालावयाचा व काढलेले अक्षर शेवटी जोडावयाचे. ‘कमल’चे ‘चमलक’ होते, ‘बदक’चे ‘चदकब’ होते. ही भाषा लहान भावंडास कळत नाही तोवर गुप्त असते. ज्या दिवशी त्यास रीत कळते, त्या दिवशी मोठ्यांची सर्व गुपिते उघडी पडतात. बोटांच्या खुणांनी बोलण्याच्या करपल्लवीची गोष्टही अशीच आहे. जेथे रीत हेच गुपित असते, तेथे रीत फुटली की सर्वच फुटते. आणि रीत फार दिवस गुप्त राहत नाही, कारण ती अनेकांस ठाऊक असावीच लागते.

आता दुसरी रीत घ्यावी. क, ख, ग, घ पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने फळ्यावर लिहावीत. प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढील दुसरे अक्षर लिहावयाचे असे ठरवावे. ‘कमल’चे ‘गरश’ होते, ‘बदक’चे ‘मनग’ होते. येथे ‘अक्षरे पुढे सरकविणे’ ही रीत झाली आणि ‘दोन’ हा आकडा किल्ली झाली. रीत साऱ्या वर्गास ठाऊक असली तरी किल्ली दोघा मित्रांनी बदलली की तिसऱ्यास पुन्हा शोध घ्यावा लागतो. रीत व किल्ली यांतील हा भेद मुलांच्या ध्यानी आला की निम्मा पाठ झाला असे समजावे.

लंडनमधील दोन कुलपे

हा भेद विद्वानांच्याही ध्यानी येण्यास बराच काळ लागला. इ. स. १८५१ मध्ये लंडन येथे जगातील कलाकौशल्याच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वेळी ब्रिटनमध्ये दोन कुलपांचा मोठा लौकिक होता. एक चब या कारखानदाराचे व दुसरे जोसेफ ब्रामा याचे. ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप टांगलेले असे व ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. साठ वर्षे ते कोणास उघडता आले नव्हते. प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखविले. ब्रामाच्या कुलपास त्यास सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. परंतु तेही उघडले.

लोकांत खळबळ उडाली. असे दोष चारचौघांत सांगणे म्हणजे चोरांना शिकवणी देणे होय, असे अनेकांस वाटले. यास १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलपांवरील एका ग्रंथात सडेतोड उत्तर आहे. त्याचा आशय असा : चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, कुलपाचे दोष त्यांना सज्जनांच्या आधीच ठाऊक असतात. दोष लपविल्याने अंधारात राहतो तो फक्त कुलूप विकत घेणारा. दोष उघड झाला तर तो कुलूप बदलील आणि कारखानदार अधिक चांगले कुलूप घडवील. पुढे तसेच घडले. ब्रिटिश कुलूपकारांना आपल्या रचना सुधाराव्या लागल्या.

एका भाषाशिक्षकाचा सिद्धांत

या विचारास शास्त्राचे रूप देणारा गृहस्थ शिक्षक होता, ही गोष्ट शिक्षकवर्गास अभिमानाची वाटावी. ऑगुस्त केर्कहॉफ्स हा मूळचा नेदरलँड्समधील. फ्रान्समध्ये तो भाषा शिकवीत असे. १८८३ मध्ये त्याने लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला व त्यात चांगल्या गुप्तलेखनाच्या सहा कसोट्या सांगितल्या. त्यांतील दुसरी कसोटी आजही या शास्त्राचा पाया मानली जाते. गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित काय ते किल्लीत असावे, असे तिचे तात्पर्य आहे. कारण उघड आहे. किल्ली हरवली तर क्षणात बदलता येते. सबंध सैन्यास शिकविलेली रीत बदलावयाची म्हटली तर महिने लागतात.

मात्र किल्ली अशी हवी की ती शोधता शोधता शोधणारा थकला पाहिजे. वरील अक्षरांच्या खेळात अवघ्या ३३ किल्ल्या आहेत. वर्गातील मुले त्या सर्व एका तासिकेत पडताळून पाहू शकतील. म्हणून तो खेळच राहतो.

सर्वांसमक्ष झालेली परीक्षा

आज बँकेचे व्यवहार ज्या गुप्तलेखनाच्या आधारे चालतात, त्याची निवड कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जगातील तज्ज्ञांना आवाहन केले की, नवी रीत सुचवावी. अट अशी की, रीत पूर्णपणे प्रसिद्ध करावी लागेल व तिच्यावरील हक्क सोडावा लागेल. १९९८ मध्ये निरनिराळ्या देशांतील १५ रीती परीक्षेस आल्या. मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या रीतीत दोष शोधावयाचे, असा उघड क्रम सुरू झाला. १९९९ मध्ये पाच रीती उरल्या आणि ऑक्टोबर २००० मध्ये योआन डॅमेन व व्हिन्सेंट राइमेन या दोघा बेल्जियन शास्त्रज्ञांची रीत निवडली गेली. तिला एईएस असे म्हणतात. ती कोणासही वाचता येते. असे असूनही तिच्या लहानात लहान किल्लीच्या शक्यतांची संख्या ३९ अंकी आहे. जगातील सर्व संगणक एकत्र आणले तरी त्या एकेक करून पडताळता येणार नाहीत.

मुक्त स्रोत म्हणजे काय

संगणकास दिलेल्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. माणसाने लिहिलेल्या त्या मूळ आज्ञा कोणासही वाचता, सुधारता व दुसऱ्यास देता येतील अशी मोकळीक असली, तर त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन याने अमेरिकेत या विचाराची चळवळ आरंभिली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाच्या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. हजारो लोकांनी त्यात भर घातली. खेड्यातील बहुतेकांच्या हातात असलेला अँड्रॉइड मोबाइल याच गाभ्यावर चालतो. शिक्षकांच्या परिचयाच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक व्यासपीठाचा पायाही सनबर्ड या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा आहे.

येथे एक घोटाळा टाळावा. फुकट व मुक्त हे दोन शब्द एक नव्हेत. पंगतीत जेवण फुकट मिळते. परंतु आमटीत काय घातले ते आचाऱ्यासच ठाऊक असते. मुक्त म्हणजे आमटीची कृतीही हाती मिळणे. मोबाइलवर फुकट मिळणारी अनेक ॲप मुक्त नसतात. तसेच विकत घ्यावयाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत करून वाटणे हेही ज्ञानदान नव्हे. अशा प्रतींतून घातक आज्ञा संगणकात शिरण्याचा धोका असतो.

पाहणारा असेल तरच

उघडे आहे म्हणून आपोआप सुरक्षित आहे, असा भाबडा समज मात्र होऊ देऊ नये. गावातील सार्वजनिक विहीर सर्वांची असते. परंतु गाळ कोणीच काढला नाही तर पाणी बिघडतेच.

संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवणारे ओपनएसएसएल नावाचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्यात मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून एक चूक राहून गेली होती. ती मुलांना नाट्यरूपाने समजावता येते. एक मुलगा दुसऱ्यास म्हणतो, “कमल हा शब्द परत वाच, तो ३०० अक्षरांचा आहे.” दुसरा अक्षरे न मोजता ‘कमल’ वाचतो आणि ३०० अक्षरे पुरी करण्यासाठी आपल्या वहीतील पुढचा खाजगी मजकूरही वाचून दाखवितो. संगणक असेच करीत होते. एका खेपेस सुमारे ६४ हजार अक्षरांपर्यंतचा मजकूर परक्याच्या हाती जाऊ शकत होता. त्यात परवलीचे शब्द व किल्ल्याही असू शकत. दोन वर्षे हा दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. २०१४ मध्ये गूगलमधील एका संशोधकास व फिनलंडमधील एका संस्थेच्या अभियंत्यांस तो स्वतंत्रपणे सापडला. तो जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही देण्यात आली. मोठमोठ्या कंपन्या जे फुकट वापरीत होत्या, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे सांभाळीत होती, हे तेव्हा जगाच्या लक्षात आले. त्यानंतर अशा कामांसाठी कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला.

दुसरा प्रसंग २०२४ मधील आहे. एक्सझेड नावाचे छोटे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एकटा गृहस्थ सांभाळीत असे. मदतनीस म्हणून आलेल्या एका अज्ञात व्यक्तीने सुमारे दोन वर्षे चांगले काम करून विश्वास संपादन केला व मग त्यात चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्याने ते सोडून दिले नाही. शोध घेता घेता चोरवाट सापडली व २९ मार्च २०२४ रोजी त्याने ती सर्वांस कळविली. चोरवाट फार पसरण्यापूर्वीच रोखली गेली. मूळ आज्ञा उघड्या असल्यामुळे तो शोध घेऊ शकला; परंतु उघड्या दारातून कोणी तरी आत डोकावणे अवश्य होते. उघडेपणा ही संधी होय. दक्षता माणसानेच ठेवावयाची असते.

वर्गात घ्यावयाचा पाठ

हा पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत ‘च’ची भाषा व अक्षरे सरकविण्याचा खेळ घेऊन रीत व किल्ली यांतील भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा. दुसऱ्या तासिकेत फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूस ‘सांगावे’ व दुसऱ्या बाजूस ‘सांगू नये’ असे लिहावे. ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन व परवलीचा शब्द ‘सांगू नये’ या बाजूस येतील. फसवणूक कशी होते, पिन कशासाठी असतो, दोष आढळल्यास काय करावे, या गोष्टी ‘सांगावे’ या बाजूस येतील. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन घालावा लागत नाही, हे वाक्य मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांस सांगावे.

दोष सांगण्याचीही एक शिस्त आहे, ती मुलांना याच वयात लावावी. शेजाऱ्याच्या दाराची कडी सैल दिसली तर प्रथम शेजाऱ्यास सांगावे, चावडीवर नव्हे. संगणकक्षेत्रातही दोष आढळणाऱ्याने आधी ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यास कळवावे, दुरुस्तीस अवधी द्यावा व मग सर्वांस सांगावे, अशी चांगली प्रथा आहे.

गावातील कार्य

फसविला गेलेला माणूस लाजेने गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यामुळे तीच युक्ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीत चालते. चोर आपली विद्या एकमेकांस शिकवितात आणि सज्जन मात्र आपला अनुभव लपवितात. ही लढाई विषम आहे. म्हणून पालकसभेत, कोणाचेही नाव न घेता, फसवणुकीची रीत स्पष्ट सांगितली जावी. फसलेल्यास दोष न देता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करण्यास साहाय्य करावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. जो शिक्षक हे काम करील, त्याच्या गावात चूक सांगण्यास माणसे भिणार नाहीत. आणि चूक सांगितली गेली तरच ती दुरुस्त होते.

स्वाध्याय

१. ‘च’ची भाषा व अक्षरे सरकविण्याची रीत यांत कोणता भेद आहे?
२. कुलपाचे दोष उघड केल्याने अखेर कोणाचे हित झाले? का?
३. पुढील तिसरे अक्षर घेण्याची किल्ली वापरून ‘बदक’ हा शब्द लिहा.
४. ‘फुकट’ व ‘मुक्त’ यांतील फरक गावातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. घरातील मोठ्या माणसांशी बोलून ‘सांगावे’ व ‘सांगू नये’ अशा प्रत्येकी पाच गोष्टींची यादी करा.