तिसा : बांधावरचा शिकारी

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आपण नेहमीच्या बोलण्यात करतो. चिखली-मेहकरकडील पठार असो वा मलकापूर-नांदुऱ्याकडील काळ्या मातीचा सपाट प्रदेश, बांधावरच्या बाभळीवर किंवा विजेच्या खांबावर ताठ बसलेला एक तपकिरी पक्षी दोन्हीकडे दृष्टीस पडतो. त्यास कोणी घार म्हणतो, कोणी ससाणा. त्याचे खरे नाव तिसा. 1831 साली फ्रँकलिन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा हे देशी नावच त्यात राहिले : बुटास्टर टीसा. इंग्रजी पुस्तके त्यास ‘बझर्ड’ म्हणतात. परंतु युरोपात सर्वत्र दिसणारा बझर्ड वेगळ्या प्रजातीचा आहे.

ओळखण्याची मुख्य खूण डोळा. प्रौढ तिसाचे बुबुळ पांढरट असते. पिलांचे मात्र तसे नसते. गळा पांढरा, त्यावर मधोमध एक काळी रेघ. चोचीचे मूळ नारिंगी-पिवळे, शेपटी तांबूस. आकार घारीहून बराच लहान. घारीची शेपटी दुभंगलेली असते. पांढरी-करडी कापशी हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबते. छातीवर बारीक आडव्या तांबूस रेषा असलेला शिक्रा याहून लहान असतो, आणि कोंबडीची पिले उचलतो तो बहुधा हाच. शिक्षा मात्र पुष्कळदा तिसाला मिळते, कारण तो उघड्यावर, गलोलीच्या टप्प्यात, निवांत बसून असतो.

त्याची शिकारीची रीत बसून राहण्याचीच आहे. तो जमिनीवर नजर ठेवतो, हालचाल दिसताच खाली झेप घेतो आणि भक्ष्य घेऊन पुन्हा उंचावर येतो. नाकतोडे, टोळ, सरडे, उंदीर, बेडूक, लहान साप हे त्याचे अन्न. सोयाबीन-हरभऱ्याच्या शेतकऱ्याने या यादीत आपले नुकसान करणारे किती आहेत ते स्वतःच मोजावे.

संयुत्तनिकायातील सकुणग्घि सुत्त आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आपले क्षेत्र सोडून गेलेल्या लाव्याला ससाणा पकडतो. तोच लावा नांगरलेल्या शेतातील ढेकळांत परतल्यावर ढेकळाआड सरकतो आणि ससाण्याची छाती ढेकळावर आपटते. ढेकूळ हे लाव्याचे क्षेत्र, तसे भिक्खूचे क्षेत्र चार स्मृतिप्रस्थाने, असा तेथील उपदेश आहे. दृष्टान्तात ससाणा माराच्या जागी येतो, यावरून शिकारी पक्षी दुष्ट होय असा अर्थ काही मुले काढतात. तो सुत्तात नाही. तेथे प्रश्न लाव्याच्या सावधपणाचा आहे, पक्ष्याच्या पापाचा नव्हे. ज्याने ढेकळाचा हा उपयोग सांगितला, त्याने शेत किती बारकाईने पाहिले असेल, असे मात्र आम्हांस वारंवार वाटते.

गलोलीहून मोठे संकट न दिसणारे आहे. उंदरांसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर शिकारी पक्ष्यास सहज सापडतो. विष त्याच्याबरोबर पक्ष्याच्या पोटात जाते. गिधाडांचे काय झाले ते आपल्यासमोर आहे : डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत गेली, आणि 2006 साली ते औषध जनावरांसाठी वापरण्यास बंदी आली, तोवर देशातील बहुतांश गिधाडे संपली होती. म्हणून विष घालावेच लागले तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. आश्रमशाळेच्या कोठारासाठी पिंजरा पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

फेब्रुवारी ते मे हा तिसाचा विणीचा काळ. जोडी उंच घिरट्या घालीत मांजराच्या पिलासारखा करुण आवाज काढते. झाडाच्या बेचक्यात काटक्यांचे, आत अस्तर नसलेले, कावळ्याच्या घरट्यासारखे ओबडधोबड घरटे. त्यात बहुधा तीन अंडी. पिलांना दोघेही भरवितात. बांधावरची बाभूळ व कडुनिंब तोडण्याचे, पेरणीपूर्वी बांध साफ करण्याचे दिवसही हेच. कुऱ्हाड लावण्यापूर्वी वरच्या बेचक्याकडे एकदा पाहावे. घरटे असेल तर ते झाड पावसाळ्यापर्यंत राहू द्यावे.